मुलींची शालेय कुस्ती: वजन उतरवायचं की वरच्या गटात खेळवायचं?

सर, तुमचा प्रश्न माण तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेतल्या क्रीडाशिक्षकाचा आहे, आणि तो खरं तर दोन प्रश्नांचा आहे. पहिला असा: नववीतली मुलगी, चौदा पूर्ण, सकाळचं वजन ४८ किलो ४०० ग्रॅम, जिल्हा स्पर्धा नऊ दिवसांवर. सतरा वर्षांखालच्या ४९ किलो गटात गेल्या वर्षीची विजेती उतरणार आहे. म्हणून वस्ताद आणि मुलीचे वडील म्हणतात, हिला ४६ मध्ये घाला. दुसरा असा: दोन वर्षांपूर्वी अकरा मुली सरावाला यायच्या, आता पाच उरल्यात, संख्या कशी वाढवायची?

मी स्वतः मॅटवर खेळले आहे आणि गेली बरीच वर्षं मुलींनाच शिकवते. दोन्ही उत्तरं एकत्रच देते. मुली का गळतात याची बरीचशी कारणं वजनाच्या काट्यापाशी सापडतात.

पहिल्याचं उत्तर सरळ आहे. तिला ४९ मध्येच खेळवा. विजेतीकडून हरली तर हरू द्या.

आता हिशेब पाहा. ४८.४ वरून ४६ म्हणजे २ किलो ४०० ग्रॅम, शरीराच्या जवळजवळ पाच टक्के. एक किलो चरबी उतरायला साधारण ७,७०० कॅलरींची तूट लागते. २.४ किलोला साडेअठरा हजार झाल्या. नऊ दिवसांत वाटल्या तर रोज दोन हजारांवर. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीची रोजची गरज हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सुमारे २,४०० कॅलरी सांगते. म्हणजे मुलीला नऊ दिवस जवळपास उपाशी ठेवून रोज सरावही करून घ्यावा लागेल. तसं कुणी करत नाही. मग वजन उतरतं कसं? पाणी जातं, आतड्यातलं अन्न जातं, आणि स्नायूंत साठवलेली साखर जाते. या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं, म्हणून भाकरी-भात बंद केला की तीन दिवसांत काटा झरझर खाली येतो आणि वस्तादांना वाटतं, चरबी वितळतेय. प्रत्यक्षात जी साखर जाते तीच चार मिनिटांच्या कुस्तीत दुसऱ्या फेरीला लागते. एकेरी पट काढायला, म्हणजे समोरचीचा एक पाय धरून तिला पाडायला, जी झेप हवी, ती त्या साखरेवर येते.

शिवाय तालुका-जिल्हा पातळीवर सकाळी वजनं घेतात आणि तासा-दोन तासांत कुस्त्या लावतात. पाणी काढून आलेल्या मुलीला ते परत भरायला वेळच मिळत नाही. ती ४६ मध्ये उतरेल, पण ४८ ची ताकद मागे ठेवून उतरेल. समोरची जर स्वाभाविकपणे ४५.५ ची असेल, तर कागदावरचा फायदा मॅटवर उलटा पडतो. हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की आता वस्तादांशी वाद घालत नाही. सरावात एकदा, दोन दिवस पाणी कमी देऊन नव्हे, तर नुसता भर उन्हात तासभर सराव झाल्यावर, घाम निथळत असलेल्या मुलीची तिच्यापेक्षा हलक्या मुलीशी कुस्ती त्यांना पाहायला सांगते. तेवढ्यानं पुरेसं कळतं.

ही वजन उतरवण्याची सवय आपल्या मातीतली नाही, हेही लक्षात घ्या. यात्रेच्या मैदानात काटा नसतो. पंच आणि जाणती मंडळी दोघांना शेजारी उभं करून, खांदा-मांडी बघून जोड लावतात आणि इनाम जाहीर करतात. पाच-सात किलोंचा फरक असला तर लोकच ओरडून सांगतात की जोड जमत नाही. वजनगट आले ते मॅटबरोबर, आणि त्यांच्या मागोमाग गटात बसण्यासाठी शरीर कापायची कला आली. उत्तरेतल्या शिबिरांतून ती आपल्याकडे पोचली, आणि आता नववीतल्या पोरीपर्यंत आलीय.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकनं हा विषय घराघरांत नेला, पण धडा मात्र बहुतेकांनी चुकीचा घेतला. विनेश फोगाट ६ ऑगस्टला ५० किलोत सलग तीन कुस्त्या जिंकून अंतिम फेरीत गेली. पहिलीच कुस्ती टोकियोची सुवर्णविजेती युई सुसाकी हिच्याशी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी वजन १०० ग्रॅम जास्त भरलं. रात्रभर व्यायाम झाला होता, वाफ झाली होती, केससुद्धा कापले होते, तरी तेवढे शंभर ग्रॅम उरलेच. आंतरराष्ट्रीय नियमात स्पर्धा दोन दिवसांची असते, दोन्ही सकाळी वजन द्यावं लागतं आणि ऑलिंपिकमध्ये एका ग्रॅमची सूट नाही. ती यादीत शेवटच्या स्थानावर गेली, आणि क्रीडा लवादानंही १४ ऑगस्टला तिचं अपील फेटाळलं. लोक म्हणतात, शंभर ग्रॅमनं घात केला. मला विचाराल तर घात त्याआधी झाला होता. टोकियोला ५३ मध्ये खेळलेली बाई ५० मध्ये आली, कारण ५३ ची जागा अंतिम पंघाल या दुसऱ्या भारतीय मल्लानं मिळवली होती. तिचं शरीर तिथं मुळात नव्हतं. २०१६ मध्येही मंगोलियातल्या पात्रता स्पर्धेत ती ४८ किलोला ४०० ग्रॅमनं बाद झाली होती.

त्याच पॅरिसमध्ये अमन सेहरावतनं दहा तासांत ४.६ किलो उतरवून ५७ किलोत कांस्य जिंकलं. हे मात्र प्रत्येक तालमीत पाठ आहे. ‘अमननं एका रात्रीत साडेचार किलो काढले, हिला नऊ दिवसांत अडीच जमत नाहीत?’ असं मला एका वडिलांनी विचारलं होतं. अमन प्रौढ आहे, रात्रभर त्याच्याजवळ प्रशिक्षक होते. आणि त्याच अमनला सप्टेंबर २०२५ मध्ये झाग्रेबच्या जागतिक स्पर्धेत १.७ किलो जास्त भरल्यामुळे एकही कुस्ती न खेळता बाहेर पडावं लागलं. हा दुसरा भाग तालमीत कुणी सांगत नाही.

अमेरिकेनं याची किंमत फार आधी मोजली. १९९७ च्या अखेरीस साधारण महिनाभरात तीन कॉलेज मल्ल वजन उतरवताना मेले. रबरी सूट, गरम खोली, पाणी बंद, सायकल चालू. त्यानंतर तिथं रबरी सूट आणि वाफेच्या खोल्यांवर बंदी आली. पुढे शाळांसाठीही नियम झाले. हंगामाच्या सुरुवातीला लघवी तपासून शरीरात पाणी पुरेसं आहे ना ते बघायचं, मग चरबी मोजायची. मुलींची चरबी १२ टक्क्यांखाली जाईल असा गट द्यायचा नाही (मुलांसाठी ही रेषा ७ टक्के आहे), आणि आठवड्याला शरीराच्या दीड टक्क्यापेक्षा जास्त वजन उतरू द्यायचं नाही. तुमच्या मुलीला हाच नियम लावला तर आठवड्याला जेमतेम ७०० ग्रॅम. म्हणजे २.४ किलोला साडेतीन आठवडे, तेही तपासणीत परवानगी मिळाली तर. नऊ दिवसांत ते तिथंही बसलं नसतं.

आपल्याकडे शाळेत अशी तपासणी नाही. पण प्लास्टिकचा कोट, दोन स्वेटर घालून पळवणं, थुंकत राहायला लावणं, जुलाबाची गोळी हे सगळं बंद ठेवायला कुठलं यंत्र लागत नाही. लघवी वाढवणारी गोळी तर उत्तेजकांच्या बंदी यादीत आहे, स्पर्धेच्या दिवशीही आणि एरवीही. मेडिकलमधून ती सहज मिळते म्हणून ती साधी आहे असं पालकांना वाटतं. राष्ट्रीय पातळीवर एखाद्या मुलीची चाचणी झाली आणि त्यात ती सापडली, तर बंदी मुलीवर येते, मग गोळी कुणीही दिलेली असो.

मुलींच्या बाबतीत काही गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्या पुरुष वस्तादांना कुणी सांगितलेल्याच नसतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चौदाव्या-पंधराव्या वर्षी मुलीचं वजन वर्षाला तीन-चार किलो वाढणं हे वाढीचं लक्षण आहे. उंची वाढते, कंबर रुंदावते, हाडं भरतात. मुलींच्या हाडांचा जवळजवळ नव्वद टक्के भरणा अठराव्या वर्षापर्यंत होऊन जातो. या वर्षांत जी मुलगी महिनोन्महिने अर्धपोटी राहते, तिच्या हाडांतली तूट पुढे भरून निघणं अवघड असतं. पायाच्या नडगीला बारीक चीर पडून सहा-सहा आठवडे बसून राहणाऱ्या मुली बघितल्या, तर त्यांच्या वहीत बहुधा दोन गोष्टी सापडतात: हंगामात दोन-तीनदा वजन उतरवलेलं असतं आणि पाळी तीन-चार महिने आलेली नसते.

पाळी बंद होणं हे ‘मेहनत लागू पडली’ असं समजणारे लोक अजून आहेत. बायकांमध्येही आहेत. खर्चापेक्षा खाणं कमी पडलं की शरीर सगळ्यात आधी हे खातं बंद करतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४ पासून या ऊर्जेच्या तुटीवर सविस्तर मार्गदर्शन दिलेलं आहे. त्यात हाडं, प्रतिकारशक्ती, मन, झोप, ताकद सगळ्यावर होणारा परिणाम येतो. सुरू झालेली पाळी सलग तीन महिने आली नाही तर सराव कमी करून मुलीला डॉक्टरांकडे न्यायचं. त्यात पुढच्या स्पर्धेची तारीख बघायची नाही.

पाळीच्या आधीच्या चार-पाच दिवसांत शरीर पाणी धरून ठेवतं. कुणाचं अर्धा किलो वाढतं, कुणाचं दीड-दोन. मुलगी रडकुंडीला येते, ‘मी काहीच खाल्लं नाही तरी वाढलं.’ ती खरंच सांगत असते. म्हणून गटाच्या काठावर बसलेल्या मुलीला तिच्या तारखा माहीत असल्या पाहिजेत. वही तिची, फार तर शाळेतल्या एखाद्या बाईंकडे. सर, तुम्ही फक्त एवढंच विचारा की या स्पर्धेच्या आठवड्यात वजन वर जाण्याची शक्यता आहे का. उत्तर हो किंवा नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर तर या गोष्टी कधीच येऊ नयेत.

आणि रक्त. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पंधरा ते एकोणीस वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. दहातल्या सहा. हिमोग्लोबिन बाराच्या खाली असलेल्या मुलीला दुसऱ्या फेरीत दम लागतो, आणि वस्ताद म्हणतात वजन जास्त आहे म्हणून दमते. वजन उतरवण्यासाठी जेवण कापलं की लोह आणखी कमी. मी प्रत्येक नव्या मुलीला जूनमध्ये प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून आणायला लावते. तुमच्या शाळेत आठवड्याला एक निळी गोळी येते ना, लोह आणि फॉलिक ॲसिडची? ती खेळणाऱ्या मुली खरंच गिळतात का बघा. मळमळते म्हणून निम्म्या मुली खिशात टाकतात. जेवणानंतर द्या, चहाबरोबर नको. वर्षातून दोनदा येणारी जंताची गोळीही चुकवू नका. तीन-चार महिन्यांत जो फरक दिसतो तो कुठल्याही डाएटनं दिसत नाही.

खुराकाबद्दल थोडक्यात. बदाम, तूप, थंडाईचा खर्च ऐकूनच मुलीचा बाप हात आखडतो. मुलाला देतो, मुलीला ‘नंतर बघू’ म्हणतो. ४८ किलोच्या, रोज सराव करणाऱ्या मुलीला दिवसाला ७० ते ८० ग्रॅम प्रथिनं पुरतात. दोन अंडी (१२), दोन पेले दूध (१३-१४), मूठभर शेंगदाणे (७-८), दोन वाट्या मटकी किंवा हरभऱ्याची उसळ (१५), चार ज्वारीच्या भाकऱ्या (२०-२२), वर एक वाटी दही. यातलं बहुतेक घरात असतं. मूठभर शेंगदाणे प्रथिनांत बदामाला हरत नाहीत. आई-वडिलांच्या बैठकीत मी हा हिशेब फळ्यावर मांडते. खुराकाच्या भीतीनं थांबलेल्या मुली त्यानंतर परत आल्याचं मी पाहिलं आहे.

आता तुमच्या मुलीचे नऊ दिवस. तिच्या हातात ६०० ग्रॅम आहेत, ते भरपूर आहेत. जेवण नेहमीचं ठेवा. बाहेरचं तळलेलं, फरसाण, लोणचं-पापड एवढं आठवडाभर बाजूला, कारण मीठ पाणी धरतं. वजन एक दिवसाआड, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, त्याच कपड्यांत. सरावानंतरचं वजन लिहूच नका. तो घाम असतो, आणि तो पाण्यानं भरून काढायचा असतो, जितका गेला त्याच्या दीडपट. शेवटच्या दोन दिवशी पालेभाजी आणि कडधान्याची सालं कमी करून वरण-भात, दही, अंडं, केळं असं हलकं ठेवलं तर पोटातलं ओझं तीन-चारशे ग्रॅम आपोआप कमी होतं. पाणी मात्र झोपेपर्यंत नेहमीसारखं. लघवी फिकट पिवळी असली म्हणजे ठीक.

काट्याची खात्री करा. शाळेतला बाथरूम काटा आणि स्पर्धेचा काटा यांत दोन-तीनशे ग्रॅमचा फरक सहज निघतो. धान्याच्या दुकानातून वैधमापनाचा शिक्का असलेली वीस-वीस किलोची दोन वजनं आणून तुमचा काटा तपासा आणि फरक वहीत लिहून ठेवा. वजन झाल्या झाल्या तिला खजूर, केळं, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी द्या आणि वेळ मिळाला तर थोडे पोहे. पोटभर नको.

आणि समजा त्या सकाळी वजन ४९.२ भरलं, तर तासभर पळवू नका. नियमात बसत असेल तर ५३ मध्ये खेळू द्या, नसेल तर तिला घेऊन मैदानात बसा आणि त्या विजेतीची कुस्ती दाखवा. तिचा पट कुठून येतो, कोणता पाय पुढे असतो. चौदा वर्षांच्या मुलीला अजून तीन हंगाम शालेय कुस्ती आहे.

गट ठरवायची माझी पद्धत अशी: जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर पंधरा दिवसांनी, खाणं-पिणं नेहमीचं असताना जे वजन येतं, त्याच्या वरचा लगतचा गट. डिसेंबरपर्यंत मुलगी वाढली तर पुढचा गट. सतरा वर्षांखाली खालचा गट नाहीच. एखाद्या मुलीच्या अंगावर खरंच चरबी जास्त असेल, तर तो सहा-आठ महिन्यांचा, डॉक्टरांना विचारून करायचा विषय आहे, स्पर्धेशी त्याचा संबंध जोडायचा नाही.

दुसऱ्या प्रश्नाकडे येते. अकराच्या पाच का झाल्या? गेलेल्या सहा जणींची नावं कागदावर लिहा, प्रत्येकीसमोर शेवटच्या महिन्यात ती कुणाबरोबर सराव करत होती ते लिहा. माझा अंदाज आहे की निम्म्या जणींना जोडीदारच नव्हती. ३४ किलोची मुलगी ५० च्या मुलीखाली रोज दबत असेल, तर ती किती दिवस येईल? मुलांबरोबर सराव हा उपाय काही जणींना चालतो, सगळ्यांना नाही, आणि सगळ्या घरांना तर नाहीच.

दुसरं कारण तुम्हाला ऐकायला आवडणार नाही. वजनं फळ्यावर लिहिलेली असतात का? सगळ्यांसमोर काट्यावर उभं करून आकडा मोठ्यानं वाचला जातो का? ‘हिची चरबी बघा’ असं मुलांच्या देखत कुणी म्हणतं का? तेराव्या-चौदाव्या वर्षी शरीर बदलत असताना मुलगी हे दोनदा ऐकते आणि तिसऱ्यांदा तिला ‘क्लास असतो’. वजन एका खोलीत, बाईंसमोर, आकडा फक्त तिला आणि वहीत. एवढ्या बदलाला पैसा लागत नाही.

तिसरं म्हणजे गट भरण्याचा आपला हव्यास. दोघी ४६ च्या निघाल्या की एकीला ४३ मध्ये ढकलायचं, कारण तिथं नाव रिकामं आहे. शाळेच्या पदकांचा तक्ता सुंदर दिसतो आणि ढकललेली मुलगी पुढच्या वर्षी येत नाही.

यावर मला सगळ्यात लागू पडलेला उपाय म्हणजे रविवारच्या कुस्त्या. आजूबाजूच्या चार-पाच शाळांच्या मुली एका ठिकाणी बोलवायच्या. गट आधी जाहीर करायचेच नाहीत. आल्या आल्या, आहेत त्या कपड्यांत वजन घ्यायचं, हलक्यापासून जडपर्यंत ओळ लावायची आणि चार-चारचे तुकडे पाडायचे. एका तुकड्यात सगळ्यात हलकी आणि सगळ्यात जड यांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको, वयातही दोन वर्षांपेक्षा जास्त नको. ४४ ची मुलगी असेल तर त्या तुकड्यात फार तर ४८.४ पर्यंत. चौघी एकमेकींशी खेळतात, म्हणजे प्रत्येकीला तीन कुस्त्या. बाद पद्धतीत नवी मुलगी दोन तास प्रवास करून येते, चाळीस सेकंदांत चितपट होते आणि दिवसभर डबा घेऊन बसते. इथं तीही तीनदा मॅटवर जाते. अमेरिकेतल्या लहान मुलांच्या क्लबांत ही पद्धत रूढ आहे, आणि आपल्या यात्रेतल्या जोडीपेक्षा ती काही निराळी नाही, फक्त नजरेच्या जागी काटा आला. कोणता गट मिळणार हे आधी माहीतच नसल्यानं वजन उतरवून येण्याचा प्रश्नच राहत नाही.

संख्या वाढते ती मुलींसाठी स्वतंत्र स्पर्धा झाल्या की. अमेरिकेत मुली वर्षानुवर्षं मुलांच्या संघात, मुलांशी खेळत होत्या आणि आकडा नगण्य होता. एकेका राज्यानं मुलींची वेगळी राज्य स्पर्धा सुरू केली तसा तो वाढत गेला आणि २०२३-२४ मध्ये शाळांतल्या मुली मल्लांची संख्या ६४ हजारांपुढे गेली. आपल्याकडे महाराष्ट्र केसरी १९६१ पासून आहे, महिला महाराष्ट्र केसरी मात्र मार्च २०२३ मध्ये सांगलीत पहिल्यांदा झाली आणि प्रतीक्षा बागडी पहिली मानकरी ठरली. बासष्ट वर्षं. उशीर झाला, पण त्यानंतर माझ्याकडे येणाऱ्या आयांच्या बोलण्यात फरक पडला, कारण मुलीनं नेमकं काय व्हायचं याला एक नाव मिळालं. कागल तालुक्यातलं मुरगूड बघा. लहान गाव, पण तिथून राष्ट्रीय पातळीवर मुली गेल्या, कारण तिथं मुलींना सरावाला मुलीच मिळतात. आणि मुलगी मैदानात उतरते ही गोष्ट तुमच्या तालुक्याला नवी नाही. ऑलिंपिकमध्ये धावलेली ललिता बाबर तुमच्याच तालुक्यातल्या मोहीची.

वरच्या वजनांकडे जरा वेगळ्या नजरेनं बघा. ६१, ६५, ६९, ७३ हे गट तालुक्याला पुष्कळदा रिकामे किंवा दोन-तीन नावांचे असतात, तर ४० ते ४९ मध्ये गर्दी. तुमच्या शाळेत आठवी-नववीत अशा मुली नक्की आहेत ज्यांना खो-खोत घेत नाहीत, धावण्यात मागे ठेवतात, ज्या मागच्या बाकावर अंग चोरून बसतात. त्यांना जाऊन विचारा. उरलेल्या पाचांत ६२ किलोची एक मुलगी आहे असं तुम्ही लिहिलंय, तीही अशीच आलेली असणार. तिला ‘एक किलो कमी कर, ६१ मध्ये जाशील’ असं सांगू नका. ६५ मध्ये नाव द्या. जिचं वजन आयुष्यभर चेष्टेचा विषय होतं तिला ते इथं उपयोगाचं वाटू लागलं, तर ती स्वतःबरोबर आणखी दोघींना घेऊन येते.

पालकांचे प्रश्न २०२३ मध्ये महिला मल्लांनी लैंगिक छळाविरुद्ध जंतरमंतरवर केलेल्या आंदोलनानंतर बदललेत. पूर्वी विचारायचे, कान सुजेल का, लग्नाला अडेल का. आता विचारतात, बाहेरगावी सोबत कोण असतं? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला ठोस उत्तर द्यावं लागतं. प्रवासात बाई शिक्षिका किंवा एक आई. कुठलीही मुलगी प्रशिक्षकाबरोबर खोलीत एकटी नाही. तक्रार कुणाकडे करायची त्या व्यक्तीचा नंबर मुलीच्या वहीत. सरावाची वेळ शेवटच्या एसटीच्या हिशेबानं. कपडे बदलायला कडी लागणारी खोली आणि पाणी असलेलं स्वच्छतागृह. सुरुवातीला टी-शर्ट आणि ट्रॅकपँट चालेल, कॉस्च्युम हवाच असं नाही. कानासाठी हेडगार्ड येतं. त्वचेचा नायटा मात्र खरी डोकेदुखी आहे, तेव्हा मॅट रोज जंतुनाशकानं पुसा आणि सरावानंतर हातपाय धुतल्याशिवाय कुणाला घरी सोडू नका. दहावी-बारावीचे सवलतीचे गुण आणि सरकारी नोकरीतलं पाच टक्के खेळाडू आरक्षण हे पालकांना सांगा, पण शेवटी सांगा. आधी तेच सांगितलं की पहिल्याच वर्षी राज्य पातळीची घाई सुटते, आणि मग तीच घाई मुलीला काट्यावर आणते.

रविवारच्या कुस्त्यांना खर्च फार नाही. मॅट नसेल तर तालमीच्या हौदात घ्या, फक्त माती आदल्या दिवशी खणून, चाळून घ्या आणि मुलांना त्या वेळेत बाहेर ठेवा. एक काटा, एक शिट्टी, गुण लिहायला वही, प्रथमोपचाराची पेटी, आणि केळी. सतरा वर्षांखालच्या कुस्त्या दोन-दोन मिनिटांच्या दोन फेऱ्यांच्या, म्हणजे मुली बदलायचा वेळ धरून एका कुस्तीला सहा मिनिटं. चौघींच्या तुकड्यात सहा कुस्त्या. चोवीस मुली आल्या तर छत्तीस कुस्त्या, साडेतीन-पावणेचार तास. पहिल्या रविवारी बाराच आल्या तरी चालतं: तीन तुकडे, अठरा कुस्त्या, दोन तासांत मुली जेवायला घरी.